वळताना ट्रक मरतो आणि दोन सेकंदांत उठतो: ट्रेल ट्रकचा हा आजार कसा शोधायचा

रिमोटवर चालणारा छोटा मॉडेल ट्रक दगडावर पुढचं चाक टेकवून उभा असतो. तुम्ही स्टिअरिंग पूर्ण डावीकडे देता, चाक दगडाला घासत थोडं वळतं आणि तेवढ्यात सगळं थंड. मोटर बंद, स्टिअरिंग बंद, दिवे विझलेले. एक-दोन सेकंद रिमोटला काही दाद नाही. मग ईएससी (मोटरला वीज देणारा स्पीड कंट्रोलर) चालू होतानाचा ओळखीचा सूर वाजतो, ट्रक जागा होतो आणि जणू काही झालंच नाही असा चालायला लागतो. पुढच्या दगडावर परत तेच.

माझ्या ट्रकला हे दुखणं वर्षभर होतं. तीनदा बरं झालं आणि दोनदा उलटलं. दर वेळी कारण वेगळं निघालं, पण तिन्ही कारणं एकाच साखळीतली होती. म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. हेच लक्षण घेऊन लोक आधी रिसीव्हर (रिमोटचे इशारे घेणारा ट्रकमधला भाग) बदलतात, मग रिमोट, मग बॅटरी, आणि त्या पैशांत निम्मा ट्रक उभा राहतो.

आधी ट्रकबद्दल. एकास दहा मापाची चासी, व्हीलबेस ३१३ मिमी, १.९ इंची बीडलॉक रिम, ५४० साइझची ३५ टर्नची ब्रश मोटर. वरची बॉडी मी प्लास्टिक शीट कापून घरी केली आहे. आमच्या साताऱ्याकडे जिला वडाप म्हणतात, ती काळीपिवळी जीप. टपावरचं कॅरिअर सायकलच्या स्पोकचं आहे, त्यावर गोणपाटाची चार पोती आणि एक पत्र्याची ट्रंक. पुढच्या ॲक्सलला पितळी नकल आणि चाकांच्या आत पितळेची वजनं आहेत, त्यामुळे बॅटरीसकट ट्रक साडेतीन किलोच्या आसपास भरतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीजवळ चालवतो. तिथला काळा दगड खरखरीत आहे, टायर त्याला चांगलं धरतं. आणि टायरने दगड धरला की तो सगळा जोर स्टिअरिंगच्या सर्वोवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर येतो. आजाराचं मूळ इथेच आहे.

आधी हाच आजार आहे ना, ते पाहा

ट्रक थांबण्याची कारणं बरीच असतात. थांबल्यावर लगेच ट्रक उचलू नका. जागेवर उभं राहून स्टिअरिंग हलवून पाहा.

थ्रॉटल (ट्रक पुढे-मागे चालवणं) मेला पण चाकं डावी-उजवी वळताहेत, तर रिसीव्हर जिवंत आहे. मग बॅटरी उतरून ईएससीने लो व्होल्टेज कटऑफ दिला असेल, नाहीतर ईएससी तापून थांबला असेल. पुष्कळ ईएससींवर अशा वेळी छोटा दिवा ठरावीक लयीत मिचकतो. थांबा, थंड होऊ द्या, बॅटरीचे सेल तपासा. हा लेख त्याबद्दल नाही.

मोटर फिरल्याचा आवाज येतोय पण ट्रक हलत नाही, तर पिनियनचा (मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू सैल झालाय किंवा ड्राइव्हशाफ्टची पिन निसटलीय. सर्वो गुणगुणतोय पण चाकं वळत नाहीत, तर सर्वो हॉर्नचे (सर्वोच्या दांड्यावर बसणाऱ्या छोट्या हाताचे) दाते गेलेत. ट्रक लांब गेल्यावरच बंद पडतो आणि तुम्ही जवळ गेलात की चालतो, तर अँटेना पाहा. ती कार्बन फायबरच्या किंवा धातूच्या पट्टीला चिकटवलेली असते, नाहीतर तिचं टोक तुटलेलं असतं.

पण थ्रॉटल आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम गेले, तेही स्टिअरिंगवर जोर आला तेव्हाच, आणि काही न करता परत आले, तर तो ब्राउनआउट आहे. रिसीव्हरला जगायला लागणारं व्होल्टेज क्षणभर मिळालं नाही, म्हणून तो बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्याच्यासोबत ईएससीही रीस्टार्ट झाला तर प्रकरण गंभीर, कारण मग ड्रॅग ब्रेकही (थ्रॉटल सोडल्यावर मोटर धरून ठेवणारा ब्रेक) सुटतो. चढावर उभा असलेला ट्रक मागे घरंगळतो. माझी वडाप अशीच चार फूट खाली आली, कॅरिअरचा एक कोपरा दबला आणि ट्रंक कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही.

वीज कुठून येते आणि कुठे अडते

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थेट ईएससीला जाते. ईएससी मोटरला वीज देतो, आणि त्याच्याच पोटात बीईसी नावाचा एक छोटा भाग असतो. बॅटरीचं व्होल्टेज उतरवून ६ व्होल्टच्या आसपास आणायचं आणि तीन तारांच्या बारीक वायरीतून रिसीव्हरला द्यायचं, हे त्याचं काम. रिसीव्हरमधून तीच वीज पुढे सर्वोला जाते. म्हणजे रिसीव्हर, सर्वो, रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनलला खोचलेले दिवे, आणि बसवला असेल तर तिथूनच चालणारा विंच, हे सगळं कुटुंब त्या एका बीईसीवर जगतं.

किटसोबत येणारे बरेच सर्वो १० ते १५ किलोचे असतात. किलो म्हणजे किलोग्रॅम-सेंटिमीटर: हॉर्नवर मध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर किती किलोचा जोर लागेल ते. २ सेंटिमीटर अंतरावर तोच जोर निम्मा होतो. ट्रक हलका असतो तोवर हा सर्वो पुरतो. मग आपण पितळ घालतो, मोठे मऊ टायर घालतो, आणि सर्वो कमी पडायला लागतो. मग ३५ किलोचा सर्वो येतो. तो मोकळा फिरताना फार वीज खात नाही, पण चाक दगडात अडकलं आणि सर्वो जागेवर थबकला की ४-५ अँपिअर सहज ओढतो. ईएससीतल्या बीईसीवर बहुतेक वेळा ३ अँपिअर लिहिलेलं असतं. मागणी पाचाची आणि पुरवठा तिनाचा असेल तर व्होल्टेज कोसळतं. ६ चं ४ होतं, कधी त्याच्याही खाली जातं. सर्वो बिचारा ओढतच राहतो, पण रिसीव्हर तिथे मान टाकतो.

याला आणखी एक पदर आहे, जो मला फार उशिरा कळला. बीईसी दोन प्रकारचे असतात. स्विचिंग बीईसी जास्तीचं व्होल्टेज फार वाया न घालवता उतरवतो. लिनिअर बीईसी मात्र जास्तीचं व्होल्टेज सरळ उष्णतेत घालवतो. टू-एस, म्हणजे दोन सेलची बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट, त्याचे ६ करायचे तर २.४ व्होल्ट जाळायचे. २ अँपिअर वाहत असतील तर ४.८ वॅट. तीन सेलच्या थ्री-एसला १२.६ व्होल्ट, म्हणजे ६.६ जाळायचे. त्याच २ अँपिअरला १३.२ वॅट, जवळजवळ तिप्पट. नखाएवढा तो भाग, ईएससीच्या बंद डबीत, वरून पुण्याचा एप्रिल. तो तापतो आणि स्वतःला वाचवायला हात आखडता घेतो. म्हणून कित्येकांचा अनुभव असा असतो की टू-एसवर ट्रक नीट होता, थ्री-एस घातल्यापासून बिघडला, आणि तोही पहिली पंधरा-वीस मिनिटं ठीक चालून मग. तुमचं दुखणं असं वेळ लावून येत असेल तर लिनिअर बीईसीचा संशय पहिला घ्या.

मी काय काय चुकीचं केलं

पहिल्यांदा मला वाटलं सर्वो कमजोर आहे. २० किलोचा काढून ३५ चा घातला. आजार वाढला. वर सांगितलेलं गणित तेव्हा ठाऊक असतं तर हे कळलं असतं. मग रिसीव्हर बदलला. नवा रिसीव्हर जरा कमी व्होल्टेजपर्यंत तग धरणारा होता, म्हणून दोन रविवार बरे गेले आणि मी खूश झालो. तिसऱ्या रविवारी परत. मग वाटलं बॅटरीच दम टाकते, म्हणून थ्री-एस आणली. त्याचं काय झालं ते वर आलंच.

एका दुकानदाराने ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनलला लावायला सांगितला. वाईट सल्ला नव्हता. कपॅसिटर म्हणजे विजेचा छोटा रांजण. क्षणभराची तूट तो भरून काढतो, सर्वो झटक्याने फिरताना जो खड्डा पडतो तो बुजवतो. पण चाक दोन-तीन सेकंद अडकून राहिलं तर त्याचं पाणी केव्हाच संपलेलं असतं. लावायचाच तर १० किंवा १६ व्होल्टचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) घ्या आणि पट्टा असलेली बाजू ऋणाला जोडा. उलटा लावला तर फुटतो.

मोजणी

सगळ्यात आधी करायची गोष्ट मी सगळ्यात शेवटी केली. मल्टिमीटर घरात पडून होता. साधा, तीन-साडेतीनशेचा.

जुन्या सर्वोची तीन तारांची वायर कापून तिचा प्लग रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनलला लावा. लाल धन, काळी किंवा तपकिरी ऋण, तिसरी सिग्नलची, तिला टेप गुंडाळून बाजूला ठेवा. लाल-काळ्या टोकांना मल्टिमीटरचे प्रोब मगरचिमट्यांनी धरा, एकमेकांना शिवू देऊ नका. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आता चार टप्प्यांत मोजा: स्टिअरिंग सरळ, चाकं हवेत धरून लॉक-टू-लॉक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून), ट्रक जमिनीवर ठेवून स्टिअरिंग, आणि कुणीतरी एक पुढचं चाक हाताने घट्ट धरलेलं असताना स्टिअरिंग.

आमच्याकडे ते चाक माझ्या भाचीने धरलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर, तव्याखालचं फडकं टायरभोवती गुंडाळून. आकडे मी कॅलेंडरच्या मागे लिहिले. सरळ असताना ५.९८. हवेत वळताना ५.६. फरशीवर ४.९. तिने चाक धरलं आणि आकडा ३.९ वर आला. मी मीटरकडे बघत होतो, ती रिसीव्हरकडे. "मामा, दिवा मिचकावला बघ," ती म्हणाली. पुन्हा केलं, पुन्हा मिचकावला. वर्षभराच्या शोधाचं उत्तर त्या हिरव्या ठिपक्यात होतं. पहिल्या आठवड्यात रिसीव्हरचा डबा उघडून जोराखाली तो दिवा बघितला असता तर एक रिसीव्हर आणि एक बॅटरी वाचली असती.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. व्होल्टेज निमिषभर ३.२ ला जाऊन परत आलं तर तो ते दाखवणारच नाही. म्हणून मीटरवर ३.९ दिसत असेल तर खरा खड्डा त्याहून खोल आहे असंच धरा. मीटरला मिन-मॅक्सचं बटण असेल तर वापरा. दोन, सर्वो अडकवून तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. अडकलेल्या सर्वोतली सगळी वीज उष्णता होते आणि आतली मोटर जळते. एकदा मोजलं की अर्धा मिनिट थांबा.

आकड्यांचा अर्थ माझ्या हिशेबी असा: जोराखाली ५.५ च्या वर राहिलं तर वीजपुरवठा निर्दोष, आजार दुसरीकडे शोधा. ५ च्या आसपास आलं तर आज चालेल, उन्हाळ्यात त्रास देईल. ४.५ च्या खाली गेलं तर टेकडीवर जाऊच नका.

वेगळा बीईसी कसा लावायचा

उपाय स्वतंत्र बीईसीचा. २० ते २५ किलोच्या सर्वोला खरोखर ५ अँपिअर देणारा पुरतो, ३५ च्या पुढे ८ ते १० चा घ्या. इथे 'खरोखर' हा शब्द महत्त्वाचा. पाकिटावर मोठ्या अक्षरात क्षणिक अँपिअर छापतात, सलग किती देऊ शकतो तो आकडा बारीक अक्षरात असतो. तो बारीक वाचा. आणि तुमच्या बॅटरीचं कमाल व्होल्टेज त्याला झेपतं का, तेही पाहा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारं साधं स्टेप-डाउन मॉड्यूलही लोक वापरतात. चालतं, पण त्याच्यावरचा छोटा स्क्रू धक्क्यांनी फिरतो आणि व्होल्टेज चढतं. व्होल्टेज ठरवल्यावर त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका.

व्होल्टेज किती ठेवायचं हे सर्वोच्या अंगावर लिहिलेलं असतं. ४.८ ते ६.८ लिहिलं असेल तर ६. एचव्ही (जास्त व्होल्टेजचा) सर्वो असेल तर ७.४ देता येईल आणि जोरही वाढेल, पण तेच व्होल्टेज रिसीव्हरलाही जाणार असेल तर त्याला ते चालतं का बघून घ्या. चालत नसेल तर रिसीव्हर ईएससीच्या बीईसीवरच राहू द्या आणि फक्त सर्वोची लाल तार नव्या बीईसीला जोडा. सर्वोची सिग्नलची तार रिसीव्हरला जाईलच. ऋण तार मात्र सगळ्यांची एकत्र हवी. ती एक नसेल तर सर्वो वेड्यासारखा थरथरतो.

माझी जोडणी साधी आहे. बॅटरीकडून ईएससीला जाणाऱ्या जाड तारांवर, एक्सटी-६० प्लगच्या अगदी मागे, बीईसीच्या दोन तारा सोल्डर केल्या. बीईसीच्या दुसऱ्या टोकाला वाय वायर: एक फाटा सर्वोला, एक रिसीव्हरला. सर्वोची जड वीज रिसीव्हरच्या बारीक पट्ट्यांतून जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा बीईसी रिसीव्हरलाही वीज देणार असेल तर ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन तारांपैकी लाल तार काढा. नाहीतर दोन बीईसी एकाच तारेवर एकमेकांशी झुंजतात आणि एक जळतो. तार कापायची गरज नाही. काळ्या प्लगवर लाल तारेपाशी प्लास्टिकची छोटी जीभ असते. ती टाचणीने अलगद उचला आणि तार मागे ओढा, पितळी टोकासकट सरळ बाहेर येते. त्यावर हीटश्रिंकची नळी चढवून बाजूला बांधून ठेवा. पुढे कधी परत लागली तर एका मिनिटात बसते.

आणि एक धोका. असा जोडलेला बीईसी ईएससीच्या बटणाने बंद होत नाही, तो बॅटरीवर थेट बसलेला आहे. ट्रक बटणाने बंद करून तुम्ही घरी आलात आणि बॅटरी आतच राहिली तर बीईसी, रिसीव्हर आणि सर्वो तिला थेंबथेंब पिऊन टाकतात. ईएससीचा कटऑफ इथे मदतीला येत नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो बिघडलाच समजा. फुगलेली लिपो परत चार्ज करू नका. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बॅटरी काढायची, ही सवय लावून घ्या. चार-सहा दिवस चालवायची नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

बीईसी लावल्यावर त्याच फरशीवर, त्याच फडक्याने, त्याच भाचीने चाक धरलं. ५.८. दिवा स्थिर.

उलटलं, पहिल्यांदा

दीड महिना सुखात गेला. मग एके दिवशी सर्वोच गेला. ब्राउनआउट नाही, सर्वो खरोखर मेला. उघडून पाहिलं तर आत जळका वास. बीईसी आता भरपूर वीज देत होता, म्हणून जोराने अडकलेला सर्वोही थांबत नव्हता. आधी कमी विजेमुळे रिसीव्हर बंद पडायचा आणि नकळत सर्वो वाचायचा. आता ती कृपा संपली होती.

अडकत कुठे होता? हातात ट्रक धरून, सर्वोचा हॉर्न काढून चाकं बोटांनी वळवून पाहिली. उजवीकडे मोकळी. डावीकडे शेवटच्या दोन-तीन अंशांत ड्रॅग लिंक (हॉर्नपासून चाकांकडे जाणारी दांडी) चासीच्या खालच्या लिंकला टेकत होती. तिच्या पोटावर घासून चकचकीत झालेला एक पट्टा दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा. रिमोट मात्र त्या दोन-तीन अंशांच्याही पुढे सर्वोला ढकलत होता. म्हणजे पूर्ण डावीकडे दिलं की सर्वो दगड असो वा नसो, कायम लोखंडाशी कुस्ती खेळत होता.

हे सुधारायला रिमोटमध्ये ईपीए असतो, म्हणजे सर्वोने दोन्ही बाजूंना किती वळायचं याची मर्यादा. आधी हॉर्न सरळ बसवा: चाकं सरळ असताना हॉर्न ड्रॅग लिंकशी काटकोनात हवा. नीट दात सापडला नाही तर उरलेला फरक रिमोटमधल्या सब-ट्रिमने (सर्वोचा मध्य सरकवण्याची सोय) भरा, पण थोडाच. मग ट्रक स्टँडवर ठेवून एका बाजूला पूर्ण वळवा, कान लावा. सर्वो गुणगुणत असेल तर ईपीए एक एक अंकाने कमी करत जा, गुणगुण थांबली की आणखी दोन अंक कमी. मग दुसरी बाजू. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येणार नाहीत, माझे डावीकडे ७८ आणि उजवीकडे ९१ आहेत.

एवढ्यावर थांबू नका. एका पुढच्या चाकाखाली वीट ठेवा आणि परत करा. मग दुसऱ्या चाकाखाली. ॲक्सल तिरका झाला की ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि सपाटीवर मोकळी असलेली लिंक विटेवर अडकते. टेकडीवर तुमचा ट्रक सपाट कधी असतो? विटेवरच्या स्थितीत जो आकडा कमी येईल तो ठेवा. याच वेळी ॲक्सलच्या टोकाचे युनिव्हर्सल पूर्ण लॉकला कटकट करताहेत का तेही ऐका. करत असतील तर मर्यादा त्यांच्यासाठी अजून खाली आणा.

हॉर्नच्या कुठल्या भोकात लिंक लावायची, याचाही इथे संबंध येतो. ३५ किलोचा सर्वो २.५ सेंटिमीटरच्या भोकावर १४ किलोचा जोर लिंकला देतो, १.५ वर २३ किलोपेक्षा जास्त. आतलं भोक वापरलं तर जोर वाढतो, वळण कमी होतं. माझ्या अनुभवात बहुतेक लोक बाहेरचं भोक वापरतात आणि जोर कमी पडतो म्हणून आणखी महागडा सर्वो घेतात. आधी आतलं भोक वापरून पाहा. पूर्ण वळण मिळतंय ना एवढं तपासा. हॉर्न ॲल्युमिनियमचा, कडेने आवळायचा स्क्रू असलेला आणि सर्वोच्या दात्यांशी जुळणारा घ्या. २५ दातांचे सर्वात जास्त चालतात, पण २३ आणि २४ चेही असतात, आणि चुकीचा हॉर्न ठोकून बसवला तर दोन्हींचे दाते जातात.

उलटलं, दुसऱ्यांदा

जुलैत. पावसात. टेकडीवरचा मुरूम ओला झाला की त्याची लालसर पेज होते आणि ती सगळीकडे शिरते. ट्रक पुन्हा वळता वळता मेला. बीईसी तोच, ईपीए तोच. मोजलं तर बीईसीच्या तोंडाशी ५.९ आणि सर्वोच्या प्लगपाशी जोराखाली ४.७. मधल्या अर्ध्या मीटरमध्ये सव्वा व्होल्ट गायब.

सर्वोची वायर पोचत नव्हती म्हणून मी मध्ये स्वस्तातली एक्स्टेंशन वायर लावली होती. तिच्या जोडावर पाणी गेलं होतं आणि पिना हिरवट झाल्या होत्या. शिवाय तार २६ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). अशा तारेचा रोध मीटरला ०.१३ ओहमच्या आसपास असतो. जाऊन-येऊन ९० सेंटिमीटर धरले तर ०.१२ ओहम. ४ अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट नुसत्या तारेत जातो. उरलेला गंजलेल्या जोडाने खाल्ला. २२ गेजची तार असती तर तारेतला तोटा ०.२ व्होल्टच्या आत राहिला असता.

एक्स्टेंशन फेकून दिली. सर्वोची तार कापून २२ गेजची सिलिकॉन तार सरळ सोल्डर केली, जोडावर गोंद असलेली हीटश्रिंक. बाकीचे प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासले, वाळवले आणि पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात दिला. पेट्रोलियम जेली फासू नका, ती उन्हात वितळते आणि धूळ धरते. रिसीव्हरच्या डब्यात तारा जिथून शिरतात तिथे रबरी फोम असतो, तो आता दर पावसाळ्याआधी बदलतो.

टपावरचे दिवेही रिसीव्हरवरून काढून बॅटरीच्या बॅलन्स प्लगवर वेगळे घेतले. फार वीज खात नाहीत ते, पण कमकुवत जोडणीत तेवढाही भार कशाला. आणि आता दिवे ट्रकसोबत विझत नाहीत, त्यामुळे अंधार पडल्यावर ट्रक दगडाआड बंद पडला तरी सापडतो.

मूळ आजार नसतानाही एक गोष्ट कधीकधी तशीच दिसते: जुनी ब्रश मोटर. ब्रश झिजले की ठिणग्या वाढतात, त्यांचा गोंगाट तारांतून रिसीव्हरपर्यंत जातो आणि थ्रॉटल देताना स्टिअरिंग थरथरतं. ओळखायची खूण अशी की त्रास थ्रॉटलवर येतो, स्टिअरिंगच्या जोरावर नाही, आणि सर्वोपाशी व्होल्टेज ठीक असतं. मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोकापासून बाहेरच्या डब्याला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. बऱ्याच मोटरना ते आधीच असतात, पण दगडावर आपटून एखादा तुटलेला असतो.

सध्या रिसीव्हरच्या डब्याच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: ६.०, ५.९, ५.८, ५.७. सरळ, हवेत, फरशीवर, धरलेलं चाक. चारही आकडे सर्वोच्या प्लगपाशी मोजलेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेकडीवर जाण्याआधी भाची चाक धरते आणि मी आकडे पडताळतो. मागच्या वेळी शेवटचा आकडा ५.५ आला, म्हणून निघालो नाही. बीईसीच्या सोल्डरच्या एका जोडावर केसाएवढी भेग सापडली. पुन्हा सोल्डर मारला, ५.७ आला, आणि नऊ वाजता खाणीपाशी पोचलो.